खाते आपले, किल्ली कोणाची?

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या सभासद बंधूंची मोबाईलकडे पाहण्याची नजर बदलते. एरवी फोन म्हणजे पै-पाहुण्यांची ख्यालीखुशाली आणि बाजारभाव. हंगामात मात्र बँकेचा संदेश आला की हातातले खुरपे टाकून माणूस आधी तो वाचतो. ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे, आणि उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज, ही १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातली तरतूद आपल्याकडे लहान पोरेसुद्धा सांगतील. चौदावा दिवस कोणता हे बोटावर मोजणारा हाच शेतकरी, त्याच पैशाच्या खात्याचा पासवर्ड विचारला तर म्हणतो, "ते पोराला माहीत." आणि पोरगा पुण्याला.

मग एखाद्या दिवशी फोन बदलतो, आकडा चुकतो, आणि पडद्यावर अक्षरे उमटतात की खाते लॉक झाले आहे. तेथून जी धावपळ सुरू होते ती आम्ही अलीकडे गट ऑफिसच्या ओट्यावर वारंवार पाहतो. म्हणून या अंकात त्याविषयी स्पष्ट लिहावे असे आम्हांस वाटले.

पहिली गोष्ट, घाबरायचे कारण नाही. मोबाईलवरचे कुलूप पडले म्हणजे पैसे अडकले असे नव्हे. फोनवरचे ॲप हा खात्याचा एक दरवाजा आहे, खाते नव्हे. पासवर्ड तीन-चार वेळा चुकला म्हणून तो दरवाजा बंद झाला, तरी उसाचे बिल खात्यावर जमा होतच राहते, आणि पासबुक घेऊन शाखेत गेले की स्लिप भरून पैसे काढता येतात. असे कुलूप पुष्कळदा एका दिवसाने आपोआप निघते. यूपीआयचा पिन विसरला असेल तर एटीएम कार्डाच्या शेवटच्या सहा आकड्यांवरून आणि मुदतीच्या तारखेवरून तो नव्याने करता येतो. हे कुलूप चोरासाठी आहे. आपण त्यात सापडलो एवढेच.

दुसरा प्रकार निराळा. दोन वर्षे खात्यावर आपण स्वतः काही देवघेव केली नाही, तर बँक ते खाते निष्क्रिय धरते. किंवा केवायसीची मुदत संपली म्हणून व्यवहार थांबतात. येथे पासवर्डशी झगडून उपयोग नाही, कागद द्यावे लागतात. पण त्यातही हेलपाटे कमी झाले आहेत. नाव-पत्ता काही बदलले नसेल तर तसे स्वयंघोषणापत्र पुरते. निष्क्रिय खाते सुरू करायला पैसे घ्यायचे नाहीत, हे रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२४ पासून लागू केले. आणि जून २०२५ मध्ये बँकांना सांगितले की अशा खात्याची केवायसी कोणत्याही शाखेत करून घ्या, ज्या शाखेत खाते आहे तेथेच या असे म्हणू नका. हे खिडकीवर न बिचकता सांगावे. सांगणाऱ्याचे काम लवकर होते, असा आमचा अनुभव आहे.

हे दोन प्रकार ओळखता आले नाहीत की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस फोनमध्ये "कस्टमर केअर नंबर" शोधू लागतो. येथेच घात होतो. शोधून सापडलेला नंबर बँकेचाच असेल याची काही खात्री नाही. चोरांनी असे नंबर पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा गोड आवाज सांगतो, काका, एक ॲप टाका, मी इथूनच खाते उघडून देतो. ते ॲप टाकले की आपल्या फोनचा पडदा त्याला तिकडे दिसू लागतो. कधी पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर फाईल येते, तिच्यावर बोट ठेवले की संपले. बँकेचा नंबर एटीएम कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो, तोच खरा. आणि पैसे गेलेच, तर लाज न धरता ताबडतोब १९३० वर फोन करावा आणि बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली जे नियम केले त्यांत, ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान खातेदाराचे, असे धरले होते. तेव्हा "उद्या बघू" म्हणण्यात तोटा आपलाच. पण चावडीवर हसतील म्हणून लोक दोन-दोन दिवस गप्प बसतात!

आता मुख्य मुद्दा. खाते लॉक झाल्यावर ते उघडायचे कसे, याचे उत्तर खाते काढले त्याच दिवशी ठरलेले असते. तेव्हा मोबाईलच्या रकान्यात कोणाचा नंबर लिहिला? ज्याचा नंबर, त्याच्या हातात किल्ली.

आमच्या भागातल्या एका भगिनी सभासदाचेच पाहा. पती वारले. वारसाने शेअर नावावर झाला, सात-बाऱ्यालाही नाव लागले. बाईंचे स्वतःचे बचत खाते मात्र आठ-दहा वर्षांपूर्वी काढलेले, आणि त्याला मोबाईल दिलेला पतीचा. पती गेल्यावर त्या नंबराचा रिचार्ज कोण मारणार? नंबर बंद पडला. पुढे बाई बँकेत गेल्या तेव्हा खिडकीवरून उत्तर मिळाले, "तुमच्या नंबरवर ओटीपी गेलाय, तो सांगा." कुठला नंबर नि कुठला ओटीपी! पैसे बाईंचे, सही बाईंची, समोर उभ्याही बाईच, आणि त्या त्याच आहेत याची साक्ष द्यायची एका बंद पडलेल्या फोनाने. शेवटी पासबुक, आधार आणि स्वतःच्या नंबराचा साधा अर्ज घेऊन गेल्यावर काम झाले. पण हे पहिल्या दिवशीच सांगायला काय झाले होते? तीन हेलपाट्यांत तीन दिवसांची खुरपणीची मजुरी गेली.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. प्रीपेड नंबर नव्वद दिवस वापराविना पडून राहिला, रिचार्ज नाही, शिल्लक नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला नंबर निदान नव्वद दिवस दुसऱ्या कोणाला देत नाहीत, असे दूरसंचार नियामकाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. म्हणजे त्यानंतर तो देता येतो. तुमच्या खात्याचा ओटीपी मग कुठल्या तिऱ्हाइताच्या फोनवर वाजेल, याचा विचार करा. घरातले माणूस गेले की तेराव्यानंतर आपण सोसायटी, शेअर, सात-बारा यांची आठवण काढतो. त्या यादीत आता एक ओळ वाढवायला हवी, की गेलेल्या माणसाच्या नंबरावर घरातल्या कोणाकोणाची खाती चालतात. ते नंबर आधी शाखेत जाऊन बदलून घ्यावेत, मग रिचार्ज सोडावा.

फोन हरवला किंवा पाटात पडला, तर गोष्ट सोपी आहे. कंपनीच्या अधिकृत दुकानात आधार दाखवून तोच नंबर नव्या सिमवर मिळतो. मात्र सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवतात. दुसऱ्याचे सिम काढून ओटीपी पळवणारे चोर आहेत, त्यांच्यासाठी ही अडवणूक आहे. आमचे सभासद मात्र नवे सिम घालतात, ओटीपी येईना म्हणून दहा वेळा पासवर्ड मारतात, आणि साधे कुलूप पक्के करून ठेवतात. एक दिवस दम धरावा.

गूगलच्या खात्याचे थोडे सविस्तर सांगतो, कारण त्याकडे कोणी खाते म्हणून पाहतच नाही. अँड्रॉइड फोन घेतला की गूगलचे खाते आलेच. ते बहुधा तालुक्याच्या दुकानातल्या पोराने दोन मिनिटांत काढलेले असते. पासवर्ड काय ठेवला ते तो विसरला, आपल्याला कधी कळलाच नाही. फोन चालू आहे तोवर काही अडत नाही. पण फोन बिघडला आणि कोणी तो साफ पुसून नव्याने सुरू केला, की तो आधीचे गूगल खाते मागतो. ते दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. या कुलपाला मोबाईलवाल्यांच्या भाषेत काय म्हणतात ठाऊक आहे? एफआरपी! फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन. आपण एका एफआरपीसाठी मोर्चे काढले, आता ही दुसरी पदरात आली.

हे खाते परत मिळवण्याची रीत अशी. ज्या फोनवरून, ज्या घरातून ते रोज वापरले जात होते, शक्यतो तेथूनच प्रयत्न करावा. गूगल ओळखीची जागा पाहते. अनोळखी फोनवरून, अनोळखी गावातून केलेल्या प्रयत्नाकडे ते संशयाने बघते. जुना पासवर्ड विचारला तर आठवतो तो शेवटचा टाकावा, रिकामे सोडू नये. खात्याला आपला नंबर किंवा दुसरा ईमेल जोडलेला असेल तर त्यावर संकेतांक येतो आणि दार उघडते. तो जोडलेला नसेल तर कठीण आहे. गूगल हे काम फोनवरून करून देत नाही. "पाचशे रुपयांत खाते खोलून देतो" म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नये.

याच्यावर एक फार जुन्या वळणाचा उपाय आहे, आणि आम्हाला तो मनापासून आवडला. खात्याला दुहेरी तपासणी लावली की गूगल आठ-आठ आकड्यांचे दहा संकेतांक देते. प्रत्येक एकदाच चालतो. फोन नसला तरी चालतो. ते कागदावर उतरवून घ्यायचे आणि ट्रंकेत शेअर सर्टिफिकेटच्या शेजारी ठेवायचे. एवढ्या मोठ्या कंपनीलाही अखेर कागदाचा चिटोराच आठवला! आणखी एक. दोन वर्षे हात न लावलेली खाती गूगल पुसून टाकू शकते, हे काम त्यांनी डिसेंबर २०२३ पासून सुरू केले आहे. नातवंडांचे फोटो एखाद्या पडून राहिलेल्या खात्यात असतील तर ते अधूनमधून उघडून पाहावे.

सरकारी योजनांची गतही याहून वेगळी नाही. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. ठिबकचा अर्ज असो की अवजाराचा, त्याला आधार आणि मोबाईल हवाच. उसाच्या पाचटात आणि मातीत जन्म गेलेल्या हाताचे ठसे झिजतात, यंत्रावर उमटत नाहीत. बोट उमटले नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही. पीएम किसानच्या केवायसीला जून २०२३ पासून चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय आहे, ती मागावी. पण पुष्कळांची अडचण ठशाची नसतेच. अर्ज भरणाऱ्या दुकानदाराने वीस शेतकऱ्यांच्या नावांपुढे स्वतःचाच नंबर टाकलेला असतो. त्यात त्याचा डाव असतो असे आम्ही म्हणत नाही. गर्दीत त्याला ते सोयीचे पडते. परंतु उद्या दुकान बंद झाले, की वीस जणांच्या दारांना एकदम कुलूप.

काही सभासद म्हणतात, आम्हाला हे जमत नाही, म्हणून दुसऱ्यावर टाकतो. हे आम्हाला मान्य नाही. काट्यावर गाडी उभी राहिली की आकडा स्थिर होईपर्यंत न हलणारी ही माणसे. किलोचा फरक पडला तर शेतकी ऑफिसरला जाब विचारतात. वजनपावती कोणी दुकानात ठेवून येतो का? मग पासवर्ड का ठेवावा? लिहिता येत नसेल तर घरच्या लेकी-सुनेने लिहून द्यावा, पण वही आपल्या ट्रंकेत असावी. आणि नंबर आपल्याच नावावरचा असावा, मुलाच्या नव्हे, जावयाच्या नव्हे.

संस्थेकडूनही आमच्या काही अपेक्षा आहेत. ऊसनोंदीच्या फॉर्मवर मोबाईलचा रकाना आहे, तो चिटबॉय मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवतो. यंदा तो सभासदाला विचारून, त्याच्यासमोर नंबर फिरवून भरावा. बिलाचा बँक खाते नंबर फोनवरच्या निरोपाने कदापि बदलू नये, सभासदाने स्वतः येऊन सही केल्यावरच बदलावा. कोणाही कर्मचाऱ्याने सभासदाचा ओटीपी मागू नये, मदत म्हणूनही नाही. हंगामापूर्वी बँकेच्या माणसाला प्रत्येक गट ऑफिसात एक दिवस बसवून नंबर आणि केवायसीची कामे जागच्या जागी उरकावीत. बँकेला ठेवी आपल्याच लागतात, तेव्हा ती नाही म्हणणार नाही. संचालक मंडळाने हा विषय वार्षिक सभेच्या पत्रिकेवर घ्यावा. नाही घेतला तर आयत्या वेळच्या विषयांत कोणी तरी उठून विचारावा, आणि विचारताना त्या भगिनीच्या तीन हेलपाट्यांचा हिशेबही सभेपुढे ठेवावा.