चारमॅप म्हणजे कोण?

विंडोजवर पायथनमधून ‘नमस्ते’ छापलं की पडद्यावर ते छान उमटतं. तोच निकाल फाइलमध्ये वळवला की प्रोग्रॅम कोसळतो आणि सांगतो, की ‘चारमॅप’ कोडेकला 0 ते 5 या जागांवरची अक्षरं एन्कोड करता येत नाहीत. शिकणारा विद्यार्थी आपल्याच कोडमध्ये चारमॅप शोधत बसतो. तो तिथे नसतोच.

अडवणारं असतं विंडोज-1252, पश्चिम युरोपीय भाषांसाठीचं जुनं कोडपेज. एका बाइटात एक अक्षर, एकूण 256 घरं, त्यांत देवनागरीला एकही नाही. पायथन 3.6 पासून पडद्यावरचं लेखन युनिकोडने होतं. फाइलकडे वळवलेलं मात्र यंत्राच्या जुन्या कोडपेजवर जातं. हे सगळं पायथनला ठाऊक असतं. तरी संदेशाच्या शेवटच्या ओळीत 1252 चं नाव नाही. ते वरच्या ओळीतल्या फाइलच्या पत्त्यात दडलेलं. माझी तक्रार एवढ्याचसाठी आहे.

शिवाय 0 ते 5 म्हणजे सहा जागा. वाचणाऱ्याला दिसतात न, म, स्ते. संगणक मोजतो न, म, स, हलन्त, त आणि मात्रा. यूटीएफ-8 मध्ये याच शब्दाचे बाइट होतात 18. आता चूक ‘कितव्या’ जागी आहे, हे कुणाच्या हिशोबाने?

इंग्रजीत काम करणारेही यातून सुटलेले नाहीत. जीसीसी हा सीचा कंपायलर चुकीच्या नावाभोवती वळणदार अवतरणचिन्हं घालतो. यूटीएफ-8 मध्ये त्या प्रत्येकाचे तीन बाइट. टर्मिनल जुन्या कोडपेजवर असलं, की एका चिन्हाजागी टोपीवाला ए, युरो असा कचरा दिसतो. बिचाऱ्या प्रोग्रॅमरला वाटतं, कोडच बिघडला.

रस्ट या भाषेत ‘नमस्ते’ चुकीच्या बाइटवर कापायला जा. प्रोग्रॅम थांबतो, पण बजावून: बाइट 1 ही अक्षराची सीमा नाही, ती ‘न’च्या आत आहे, ‘न’ पहिल्या तीन बाइटांत आहे. अक्षर चक्क देवनागरीत छापलेलं! एवढं सांगायला फार अक्कल लागत नाही. वाचणारा कोण असेल, याचा विचार लागतो.

पायथन 3.15 पासून यूटीएफ-8 हेच मूळ गृहीत धरायचं ठरलं आहे. तोवर ‘पायथनयूटीएफ8’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 1 करून ठेवावा; 3.7 पासून तो चालतो. फाइल नीट लिहिली जाते. तीच सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली की पुन्हा भलतीच चिन्हं दिसू शकतात, पण ते रडगाणं पुढच्या आठवड्यात.