दोघांची सहल: तळ्याकाठी, पण पायी

आज एका पत्राचं उत्तर द्यायचं आहे. नागपूरच्या एक वाचक भगिनी लिहितात, "लग्नाला चोवीस वर्षं झाली. मुलगा पुण्याला शिकतो, मुलगी सासरी सुखात आहे. सासूबाई महिनाभर वन्संकडे जाणार आहेत. दोन दिवस आम्ही दोघंच कुठेतरी जावं असं ठरतंय. ह्यांच्या मनात ताडोबाच्या तळ्याकाठून पायी हिंडायचं आहे, आणि मला मेलीला वाघाची भीती वाटते. काय करावं?"

पहिल्यांदा ताडोबाचं सांगून टाकते, म्हणजे तुमच्या यजमानांशी वाद घालावा लागणार नाही. ताडोबाचा तलाव राखीव जंगलाच्या अगदी पोटात आहे. 1955 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे अंधारी अभयारण्य जोडून 1995 साली व्याघ्र प्रकल्प. आत जायचं ते वनखात्याच्या परवानगीच्या उघड्या गाडीतून, सोबत गाईड घेऊन, आणि ठरलेले थांबे सोडले तर पाय खाली ठेवायचा नाही. तळ्यात मगरी आहेत, काठावर वाघ पाण्याला येतो. 2021च्या नोव्हेंबरमध्ये कोलाऱ्याच्या बाजूला वाघांच्या गणनेसाठी पायी फिरणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. जिचं रोजचं कामच रानातलं, तिची ही गत. तेव्हा ताडोबाचं तळं गाडीतूनच पाहा. काठावर तारू देवाचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना गेलेला हा गावप्रमुख, त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव पडलं अशी तिथल्या आदिवासींची श्रद्धा आहे. मोहर्लीच्या बाजूला आता बायकाही गाईडचं काम करतात. गाडीचं आरक्षण आधी करावं लागतं, ज्या ओळखपत्रावर केलं तेच बरोबर न्यायचं, आणि मंगळवारी उद्यान बंद असतं, हे विसरू नका. पावसाळ्यात आतला भाग बंदच असतो.

मग पायी कुठे? माझं उत्तर आहे घोडाझरी.

नागपूरहून उमरेड-भिवापूरच्या रस्त्याने साधारण शंभर किलोमीटरवर नागभीड लागतं, तिथून घोडाझरी जवळच. पूर्वी नागपूर-नागभीड अशी छोटी गाडी होती, तिच्या खिडकीशी बसून जाण्यात वेगळीच गंमत होती. ती 2019 साली बंद झाली. आता एसटी नाहीतर आपली गाडी. चंद्रपूर किंवा गोंदियाकडून येणाऱ्यांना मात्र गोंदिया-बल्लारशा मार्गावर नागभीड स्टेशन सोयीचं पडतं.

हा तलाव इंग्रजी अमदानीतला. डोंगरांच्या मधली खिंड मातीच्या पाळीने अडवली आणि मागे एवढं पाणी साठलं, की पलीकडचा काठ सकाळच्या धुक्यात दिसतही नाही. त्या भागाला तलाव काही नवे नाहीत. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी गावोगाव तळी बांधली, त्यांच्याच पाण्यावर आजही धानाची शेती चालते. घोडाझरीही त्यांच्यात मोठाच म्हणा ना. पाळीवर उभं राहिलं की एका हाताला पाणी आणि डोंगर, दुसऱ्या हाताला खाली उतरत गेलेली धानाची बांध्या-बांध्यांची शेतं. नोव्हेंबर-डिसेंबरात गेलात तर कापणी-मळणी चाललेली असते आणि वाऱ्यावर तणसाचा वास येतो. हिवाळ्यात पाण्यावर बदकांचे थवे उतरतात.

पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडतं, ते पाहायला झुंबड उडते. पण सुट्टीच्या दिवशी तिथे आरडाओरडा आणि बाटल्या फार, दोघांनी निवांत जायची ती वेळ नव्हे. आणि पाण्यात उतरायचा मोह मुळीच नको. 2025च्या मार्चमध्ये, धुळवडीच्या सुमारास, चिमूर तालुक्यातले पाच तरुण याच तळ्यात बुडाले. वरून पाणी शांत दिसतं, पण तळाशी गाळ आणि एकदम खोल. ह्यांना पोहता येत असलं तरी "अहो, काठावरच बसू या" म्हणायचं.

आता वाघाचं. तुमची भीती खोटी नाही. 2018 साली या सगळ्या रानाचं घोडाझरी अभयारण्य झालं, आणि ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात वाघ गावाच्या शिवेपर्यंत येतात. 2025च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीने मारल्या. त्या काही हौसेने गेल्या नव्हत्या. चैत्रात मोह वेचायचा, वैशाखात तेंदूपानं तोडायची, तेव्हा घरात चार पैसे येतात. मोह पहाटे गळतो, म्हणून अंधारातच निघायचं. वाकून वेचणारी बाई वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतं, असं जाणकार सांगतात.

मी हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. पण त्या बायका रानात कशा वागतात हे आपण शिकून घ्यावं, कारण त्यांना त्याशिवाय गत्यंतर नाही आणि आपल्याला आहे. पाळीवर पोचलात की आधी दुकानात चहा घ्या आणि चहावालीला किंवा ढिवर बांधवांना सरळ विचारा, "दोन-चार दिवसांत इकडे काही दिसलं का?" तिथली माणसं मोकळी आहेत, "कोठं जाता जी?" म्हणून तीच आधी विचारतील. नको म्हणाली तर नको. उन्हं वर आल्यावर निघायचं आणि दिवस कलायच्या आत परत यायचं. पाळ, आणि फिरायला म्हणून राखलेला भाग, एवढ्यातच फिरायचं. त्यापुढचं रान वनखात्याला विचारल्याशिवाय आणि गावचा माणूस बरोबर घेतल्याशिवाय नाही. फुलं, आवळे, दगडगोटे दिसले तरी झुडपात वाकून बसू नये.

आणखी एक, ते जरा नाजूक आहे. आपले पुरुष चालताना दहा पावलं पुढे असतात. बाजारात, लग्नाला, देवळात, सगळीकडे हे पुढे आणि आपण पिशवी सांभाळत मागे. वर्षानुवर्षं आपण त्याचं काही मनाला लावून घेतलेलं नसतं. पण रानाच्या कडेला ही सवय धोक्याची आहे. मागे एकटं पडलेलं माणूसच सापडतं. निघण्यापूर्वी घरीच, चहा घेताना सांगा, "अहो, तिथे बरोबरीने चालायचं हं, बोलत चालायचं." कारण वाघाचं सांगा, म्हणजे त्यांना टोचणार नाही. माणसाच्या बोलण्याची चाहूल लागली की जनावर सहसा बाजूला होतं, हे खरंच आहे. चोवीस वर्षांत घरचा हिशेब, मुलांची फी, पाहुणे यांच्यापलीकडे सलग दोन तास बोलायला कधी मिळालं होतं, ते तुम्हीच आठवा.

बायकांच्या दृष्टीने खरी पंचाईत असते ती वेगळीच, आणि सहलींच्या लेखांत ती कुणी लिहीत नाही. स्वच्छतागृह जिथे असेल तिथेच, निघायच्या आधीच जाऊन या. "झाडामागे जाऊन येते" हे या भागात करूच नये, फार अडलं तर उघड्या जागी, यजमानांना जवळ पाठ करून उभं करून. यात लाजायचं काय? आणि म्हणून पाणी पिणं टाळू नका. आपण प्रवासात पाणीच पीत नाही आणि मग संध्याकाळी डोकं धरतं.

कपडे सुती, पायघोळ नसलेले. साडी नेसायचीच असेल तर चापून-चोपून, नाहीतर सलवार-कमीझ उत्तम. पायात चपला नकोत, बंद बूट आणि मोजे, गवतात गोचीड असते. जवळच सात बहिणींचा डोंगर म्हणजे पेरजागड आहे, तिथे चढायची हौस असेल तर अत्तर, सुवासिक तेल, पावडर त्या दिवशी बंद. अशा कातळांवर आग्या मोहोळं असतात. खाली धूर करायचा नाही, दगड मारायचा नाही, आणि माश्या उठलेल्या दिसल्या तर फोटो काढत न बसता मागे फिरायचं. गुडघे दुखत असतील तर डोंगर राहू द्या, पाळीवरची चाल पुरेशी आहे.

शिदोरीसाठी आदल्या रात्री उशिरापर्यंत खपू नका. दशम्या, जवसाची चटणी, कांदा, चार केळी आणि गूळ-शेंगदाणे, बस्स. दुसरा दिवस हॉटेलात किंवा गावच्या खानावळीत जेवायचं, तिथला भात आणि तळ्यातली मासळी खाणाऱ्यांना आवडेल. दोन दिवस पोळपाट-लाटणं हातात धरलं नाही तर संसार बुडत नाही. कचरा मात्र पिशवीत घालून परत आणायचा, वानरं प्लास्टिक फोडून खातात.

मुक्काम नागभीडला किंवा ब्रह्मपुरीला करा. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम असतो. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात, रात्री पडदा उघडतो तो पार पहाटेपर्यंत. मुक्कामाच्या गावीच प्रयोग असेल तर जरूर पाहा. शाल, कानटोपी आणि बसायला सतरंजी बरोबर न्या, थंडी झोंबते. पण नाटकासाठी रात्री जंगलातल्या रस्त्याने दुसऱ्या गावी जाऊ नका, मोटारसायकलवर तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सावली तालुक्यातला आसोलामेंढा पाहता येईल. हाही इंग्रजी काळातला, तितकाच ऐसपैस, आणि गर्दी कमी. तिथेही पाळीवरूनच. वेळ उरला आणि वाहन आपलं असलं तर वैनगंगेकाठी मार्कंड्याला जा. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ आहे. नदी तिथे उत्तरेकडे वळते आणि दगडी मंदिरांवरची शिल्पं पाहताना मान दुखून येते. महाशिवरात्रीला यात्रेची गर्दी असते, तो दिवस टाळा.

परत येताना नागभीडच्या बाजारात शिंगाडे मिळाले तर शेरभर घ्या. ते तळ्यातलेच असतात. घरी आल्यावर नीट धुऊन, मीठ घालून उकडायचे, सोलून खायचे. उपासालाही चालतात. कच्चे मात्र तळ्याकाठीच दाताने सोलून खाऊ नका, साल पाण्यातली असते, पोट बिघडतं.