ओढा कोरडा पडू द्या

सांगोल्यासारख्या दुष्काळी मुलखात भर वैशाखात ओढा वाहताना दिसला, तर कोणीही हरखून जाईल. पण तो शहराच्या खालच्या अंगाचा ओढा असेल, तर हरखण्याआधी जरा वास घ्यावा. पावसाळा सरल्यावर अनेक महिन्यांनी वाहणारे हे पाणी बहुधा आभाळाचे नसते, मोऱ्यांचे आणि गटारांचे असते. शहरी ओढ्याची प्रकृती तपासायची तर सांगोल्याने पुण्या-मुंबईची फूटपट्टी उसनी आणून भागणार नाही, ती इथल्या मातीतूनच घडवावी लागेल.

साताऱ्याच्या डोंगरात उगम पावणारी माण नदी आटपाडी ओलांडून आपल्या तालुक्यात येते आणि पुढे भीमेला मिळते. वाढेगावात तिला मिळणाऱ्या एका नदीचे नावच ‘कोरडा’ आहे. पूर्वजांनी ते नाव तक्रार म्हणून ठेवले नसावे, नदीचा स्वभाव ओळखून ठेवले असावे. इथले ओढे चार महिने वाहायचे आणि आठ महिने निजायचे. निजलेला ओढा मेलेला नसतो. चिखलाच्या थराखाली बेडूक दडलेले असतात, गोगलगायी शंखाचे तोंड मिटून पडलेल्या असतात, किड्यांची अंडी आणि लव्हाळ्याची मुळे पहिल्या पावसाची वाट पाहत असतात. बारमाही सांडपाणी ही झोपच मोडते. मग उरतात डासांच्या अळ्या, जलपर्णी आणि काळा गाळ.

हिशेब साधा आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 34 हजारांवर होती. माणशी रोजचा पाणीवापर अवघा 70 लिटर धरला आणि त्यातले 80 टक्के पाणी मोरीतून बाहेर पडते असे मानले, तरी रोजचे सांडपाणी 19 लाख लिटरच्या घरात जाते. त्यानंतरची वाढ वेगळीच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2022 मध्ये देशातील 311 प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी दिली. त्यातले सर्वाधिक 55 महाराष्ट्रातले होते. ही यादी मुख्यतः जैविक ऑक्सिजन मागणीवर, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते यावर बेतलेली आहे. आंघोळीच्या पाण्यात ही मागणी लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला ऑक्सिजन निदान 5 मिलिग्रॅम हवा. हे निकष आवश्यकच आहेत, पण एका बाटलीतले पाणी त्या एका घटकेचीच गोष्ट सांगते. शेवाळाने भरलेल्या डबक्यात दुपारी ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि पहाटे तोच तळाला जातो. महिन्यामहिन्यांची हकीकत सांगतात ते पाण्यातले जीव. चतुराची पिले कोठे आहेत, लाल अळ्यांचाच बुजबुजाट कोठे आहे, हे चाळणीत पाहिले की ओढा बोलू लागतो. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकाच्या अखेरीस अशा जीवांना 1 ते 10 गुण देण्याची पद्धत रूढ झाली. मात्र ती बारमाही नद्यांसाठी होती. आपल्याकडे ओढा कोणत्या महिन्यात वाहतो आणि कोणाच्या पाण्याने वाहतो, हा पहिला प्रश्न हवा. कृष्णेतून उचललेले टेंभू योजनेचे पाणी माणेत सुटते तेव्हा घेतलेला नमुना कृष्णेची प्रकृती सांगेल, ओढ्याची नव्हे.

काठही तपासायला हवा. खोलीकरणाच्या नावाखाली यंत्राने सरळ केलेला, वेड्या बाभळीने वेढलेला किंवा भिंतींत कोंडलेला ओढा स्वच्छ पाण्यानेही सुधारत नाही. ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत या जिल्ह्याने पाहिले आहे, की पाणी आपली जुनी वाट विसरत नाही.

‘आधी सांडपाणी शुद्ध करा, तपासण्या कशाला?’ असा आक्षेप येईल. शुद्धीकरणाला पर्याय नाहीच. सांडपाणी प्रकल्पांसाठी स्थानिक संस्थांना तीन वर्षांची मुदत देणारा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश फेब्रुवारी 2017 चा आहे. पण आजची नोंदच नसेल, तर उद्या प्रकल्पावर कोट्यवधी खर्चून ओढा बरा झाला की नुसते बिल निघाले, हे कशावरून ठरवणार?

म्हणून नगरपरिषदेने शहरातील प्रत्येक ओढ्याची आरोग्यपत्रिका काढावी. शहराच्या वर, शहरात आणि शहराच्या खाली, अशा तीन ठिकाणी आणि तिन्ही ऋतूंत नोंदी व्हाव्यात. पाणी, जीव, काठ आणि अतिक्रमण हे चारही रकाने त्यात असावेत. रासायनिक तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाने करावी. किडे-माशांची मोजणी स्थानिक महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राचे विद्यार्थी करू शकतील. जाळी, चाळणी आणि भिंग यापलीकडे त्याला फारसे काही लागत नाही. निकाल फायलीत न ठेवता नगरपरिषदेच्या दारात लावावेत. शुद्ध केलेले सांडपाणी ओढ्यात सोडण्याऐवजी चाऱ्याच्या पिकांना आणि झाडांना द्यावे. पाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या टाचा घासलेल्या तालुक्याला ते वाया घालवणे परवडणारे नाही.

प्रत्येक अर्जात पाणी मागण्याची सवय असलेल्या या गावात आमची मागणी विचित्र वाटेल. तरीही ती करतोच. मे महिन्यात शहराखालचा ओढा ठणठणीत कोरडा दिसावा आणि मृगाच्या पहिल्या पावसात त्याच्या गाळातून बेडूक ओरडावेत. आरोग्यपत्रिकेवर त्याहून चांगला शेरा असू शकत नाही.