अबोल मुलांची मैत्री

दहावीनंतर सोलापुरातल्या कॉलेजात गेलं, की मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार-चार भाषा कानांवर पडतात. अक्कलकोटहून किंवा बार्शीहून आलेल्या अबोल मुलाला वाटतं, 'या गर्दीत माझं कोण?'

गांधीजीही असेच लाजाळू होते. कुणी बोलेल या भीतीनं ते शाळा सुटताच घरी पळत! १८८८ साली ते कायदा शिकायला लंडनला गेले. तिथं त्यांना सोबती मिळाले ते शाकाहारी मंडळात. एकदा तर लिहून नेलेलं भाषणही त्यांना वाचवेना. दुसऱ्यानं वाचून दाखवलं. पण मंडळाच्या कामात ते रमले आणि मंडळींनी त्यांना आपलं मानलं.

तेव्हा गप्पा जमत नसतील, तर काम हाती घ्या. १९६९ साली सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना पुष्कळ कॉलेजांत असते. सात दिवसांच्या शिबिरात एकानं घमेलं भरायचं, दुसऱ्यानं उचलायचं. 'धर रे जरा' एवढ्यावरही ओळख होते!

आईबाबांनो, 'बोलत का नाहीस?' म्हणून टोचू नका. आणि बोलक्या दोस्तांनो, डबा उघडताना कोपऱ्यातल्या मुलालाही हाक मारा. शेंगाचटणी वाटून खायला भाषण थोडंच लागतं?