शेते वाढली, शेतकरी घटला

पहाटेच्या लोकल गाड्या सियालदहच्या फलाटांना लागतात तेव्हा मालडब्यांतून भाजीचे, मासळीचे हारे उतरतात आणि स्थानकालगतच्या कोले मार्केटकडे वाहून नेले जातात. उरलेल्या डब्यांतून कॅनिंग, लक्ष्मीकांतपूर, डायमंड हार्बर, बनगाव या बाजूंची माणसे उतरतात : हमाल, गवंड्याच्या हाताखालचे बिगारी, घरकामाला निघालेल्या स्त्रिया. यांतील कित्येकांच्या गावी आजही तुकडाभर जमीन आहे. शेतमाल आणि शेतकऱ्याची श्रमशक्ती या दोहोंची वाट एकाच स्थानकातून जाते, आणि दोहोंचा भाव विकणाऱ्याच्या हाती नसतो.

सियालदहने लोंढे पूर्वीही पाहिले आहेत. १९४३ च्या दुष्काळात चोवीस परगण्यातील भुकेला शेतकरी कलकत्त्याच्या रस्त्यांवर आला. फाळणीनंतर पूर्व बंगालच्या निर्वासितांनी याच फलाटांवर संसार मांडले. ते लोंढे साऱ्या देशाला दिसले. आजचा लोंढा रोजचा आहे, पास काढून येणारा आणि संध्याकाळी परतणारा आहे. म्हणून त्याला विस्थापन म्हणण्याची कोणास गरज वाटत नाही.

लहान शेती नष्ट झालेली नाही, उलट वाढली आहे, असे भांडवली अर्थपंडित सांगतात. आकडे वरवर त्यांच्या बाजूचे आहेत. १९७०-७१ मध्ये देशात सुमारे ७ कोटी वहिती खाती होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती साडेचौदा कोटींवर गेली. सरासरी क्षेत्र २.२८ हेक्टरवरून १.०८ हेक्टरवर आले. महाराष्ट्रात ते ४.२८ वरून १.३४ वर घसरले; पश्चिम बंगालमध्ये ते जेमतेम पाऊण हेक्टर आहे. परंतु जनगणना दुसरी बाजू सांगते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत शेतकऱ्यांची संख्या १२.७३ कोटींवरून ११.८७ कोटींवर आली आणि शेतमजुरांची १०.६८ कोटींवरून १४.४३ कोटींवर गेली. म्हणजे शेते वाढली, शेतकरी घटला. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचे पिकांपासूनचे मासिक उत्पन्न ३,७९८ रुपये, तर मजुरीचे ४,०६३ रुपये निघाले. शेत आता कुटुंब पोसत नाही. कुटुंबच मजुरी करून शेत पोसते. लहान शेत टिकते ते शेतकऱ्याच्या अतिश्रमामुळे आणि अर्धपोटी जगण्यामुळे, हे काउट्स्कीने १८९९ मध्येच दाखवून दिले होते.

याची कारणे दैवात नाहीत. उन्हाळी बोरो भात असो वा बटाटा, बियाणे, खत, औषध, पंपाचे पाणी हे सारे आता विकत घ्यावे लागते. कर्ज फेडण्यासाठी काढणीबरोबरच माल विकणे लहान शेतकऱ्याला भाग पडते. शीतगृहात माल ठेवून भावाची वाट पाहणे व्यापाऱ्यालाच परवडते. सुंदरबनच्या बाजूला निर्यातीच्या कोळंबीने भातखाचरांत खारे पाणी आणले. २०२४ मध्ये संदेशखालीच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या तेव्हा जमिनी बळकावून त्यांची मत्स्यतळी केल्याची तक्रारही त्यांनी मांडली. २००९ च्या आयला आणि २०२० च्या अम्फान वादळांनी हीच प्रक्रिया वेगवान केली.

लहान शेतकरी अकार्यक्षम आहे हा आरोप बंगालच्याच इतिहासाने खोडला आहे. १९४६-४७ च्या तेभागा लढ्याने, ज्या वर्षांत ठाणे जिल्ह्यात वारली झुंजत होते, दोन तृतीयांश वाट्याचा हक्क मागितला. १९७८ पासून ऑपरेशन बर्गाखाली सुमारे १४ लाख वाटेकऱ्यांची नोंद झाली. सुमारे ११ लाख एकर जमीन भूमिहीन व गरीब शेतकऱ्यांना वाटली गेली. पुढच्या दशकात राज्याचे धान्योत्पादन झपाट्याने वाढले, ते याच लहान शेतांवर.

तथापि अप्रिय सत्यही सांगितले पाहिजे. राज्याच्या २००४ च्या मानवविकास अहवालाने नोंदविले की, सुमारे १३ टक्के पट्टेधारकांनी जमीन गमावली होती आणि सुमारे १४ टक्के वाटेकरी बेदखल झाले होते. हा अहवाल डाव्या आघाडीच्याच राजवटीतला होता. जमीन मिळाली, पण स्वस्त कर्ज, सहकारी खरेदी आणि सार्वजनिक साठवण पुरेशी मिळाली नाही. सावकार गेला तेथे खतविक्रेता आणि अडत्या येऊन बसला. जमीन सुधारणा हा शेतीप्रश्नाचा आरंभ आहे, शेवट नव्हे, हा यातील धडा होय.

२०१८ च्या नाशिक-मुंबई लाँग मार्चने आणि २०२०-२१ च्या दिल्लीच्या सीमेवरील लढ्याने शेतकरी झुकत नाही हे सिद्ध केले. तीन कायदे मागे घ्यावे लागले. मात्र हमीभावाची कायदेशीर हमी अद्याप मिळालेली नाही. ती मिळविणे, सर्व शेतमालाला दीडपट भाव, सार्वजनिक शीतगृहे आणि खऱ्याखुऱ्या सहकारी संस्था या मागण्या निकडीच्या आहेत. परंतु त्याआधी एक संघटनात्मक प्रश्न सोडवावा लागेल. सियालदहच्या फलाटावर उतरणारा माणूस गावात किसान सभेला मजूर वाटतो आणि शहरात कामगार संघटनेला शेतकरी वाटतो. परिणामी तो कोणाच्याच सभासदवहीत नसतो. ठाणे, नाशिक, मराठवाडा येथून शहरांकडे जाणाऱ्या माणसाचीही हीच स्थिती आहे. त्याला वाटेच्या दोन्ही टोकांना संघटित केल्यावाचून कामगार-शेतकरी एकजूट ही घोषणाच राहील.