एफ दाबला आणि...

रात्रीचे 2. कॉफी मशीनमधलं दूध संपलेलं आणि आमची डॉक्युमेंटरी 5 मिनिटं 11 सेकंदांवर अडकलेली. क्लायंटला हवी होती बरोब्बर 5 मिनिटांची. मंडळी, प्रेझेंटेशनमधली शेवटची स्लाइड उडवताना तुमचं जे होतं ना, सेम तेच!

विषय होता बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली गावंच्या गावं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम त्या कोयत्याला आधी पैसे देतो, ती ‘उचल’. मग ऊस तोडून ती फेडत बसायचं. आम्ही केज तालुक्यात 2 दिवस शूट करून आलो होतो.

फिल्ममध्ये एक मावशी म्हणतात, ‘बरा हाय आमचा मुकादम.’ कट. लगेच हिरव्यागार उसाचा ड्रोन शॉट, मागे सनई. एकदम झकास! फक्त मावशींची नजर मला खटकत होती. वाक्य संपलं होतं, चेहरा संपला नव्हता.

‘अगं, मग एफ दाब ना,’ एडिटर मित्र जांभई देत म्हणाला.

ही एफची भानगड अशी. प्रीमियर प्रोमध्ये टाइमलाइनवरच्या एखाद्या फ्रेमवर थांबून एफ दाबलं, की मूळ क्लिप शेजारच्या सोर्स मॉनिटरमध्ये उघडते, तीही नेमकी त्याच फ्रेमवर. याला म्हणतात मॅच फ्रेम. आपल्याकडे सेकंदाला 25 फ्रेम्स, तेव्हा तासन् तासांच्या फुटेजमध्ये ती एक हाताने शोधायची म्हणजे वैतागच. सेल्युलॉइडच्या जमान्यात हेच काम फिल्मच्या कडेवर छापलेल्या नंबरांवरून व्हायचं. पॉझिटिव्हवर एडिट करायचं आणि तेच नंबर जुळवून निगेटिव्ह कापायची. तिथे चूक झाली तर अन्-डू नाही बरं का!

मी एफ दाबलं. उघडला ड्रोन शॉट. (वरचा ट्रॅक सिलेक्ट होता, हे नेहमीचंच.) ट्रॅक बदलून पुन्हा दाबलं. मावशी आल्या. प्ले केलं.

‘बरा हाय आमचा मुकादम.’ मग शांतता. मग, ‘आपण गप बसलं की बरा हाय.’

कट कोणी केला होता? मीच. घाईघाईत कागदावर वाक्यं निवडताना पहिल्यावर टिक मारली आणि पुढे गेले. खोटं काही दाखवलं नव्हतं हो, फक्त 4 सेकंद कमी दाखवले होते.

आता हीच क्लिप आणखी कुठे वापरली? त्यासाठी उलटा प्रवास, रिव्हर्स मॅच फ्रेम. प्रोमोचं सीक्वेन्स उघडून शिफ्ट आणि आर दाबलं, तर हजर! आणि प्रोमो संध्याकाळीच क्लायंटकडे गेला होता. झोप उडाली.

सकाळी फोन करून तो थांबवला. क्लायंटबाई भल्या निघाल्या. चिडल्या नाहीत, पण त्यांनी जे विचारलं ते मला रात्रभर सुचलं नव्हतं. ‘पूर्ण वाक्य दाखवलं, तर त्या बाईंना पुढच्या वर्षी उचल मिळेल का?’

मावशी तोवर सांगली जिल्ह्यात फडावर पोचल्या होत्या. फोन मुलाकडे, तोही रात्री लागायचा. तिसऱ्या दिवशी बोलणं झालं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘नाव नका टाकू, तोंड बी नका दाखवू,’ त्या म्हणाल्या. ‘आन् अर्धं बी नका टाकू.’

पुन्हा एफ. आवाज तोच, पूर्ण वाक्याचा, मधल्या शांततेसकट. वर चित्र मात्र कोयता घासणाऱ्या हातांचं. 11 सेकंदांचा ड्रोन शॉट गेला, एडिटर 2 दिवस रुसला. फिल्म झाली 5 मिनिटं 4 सेकंदांची. क्लायंटबाईंनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.