आधी सांगितले असते तर

दूधवाल्याच्या सायकलीवर धावून जाणारा आणि पोस्टमनला मात्र जिन्यापर्यंत सोबत करणारा आमच्या वाड्यातील मोत्या हा तांबडा गावठी कुत्रा, मूत्रपिंडे निकामी होऊन व अन्नपाणी तुटून, गेल्या मंगळवारी गेला. म्हणजे त्याचे हाल पाहवेनात म्हणून शेजारच्या मावशींनी त्याला इंजेक्शन देऊन झोपवण्यास संमती दिली. त्या निर्णयाविषयी माझी यत्किंचितही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या पाच मिनिटांविषयी.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून ‘गेला’ म्हटले आणि ते हात धुण्यास वळले. इतक्यात मोत्याच्या बरगड्या एकाएकी वर उचलल्या गेल्या, जबडा उघडून त्याने मोठा, खरखरीत श्वास घेतला, मागचा पाय दोनदा झटकला, आणि मावशींचे लुगडे ओले झाले. डोळे तर उघडेच होते. ‘अहो, जिवंत आहे तो!’ असा मावशींनी फोडलेला टाहो मी अजून विसरू शकत नाही. डॉक्टर एवढेच म्हणाले, ‘होतं असं,’ आणि पावती लिहू लागले. तेव्हापासून त्या माउलीच्या घशाखाली घास उतरत नाही. ‘तो सुटायला धडपडत होता आणि मीच त्याला धरून ठेवलं,’ हे एकच वाक्य त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

वस्तुस्थिती अशी आहे. आधी बहुधा गुंगीचे औषध देतात, आणि मग शिरेतून थायोपेंटोन किंवा पेंटोबार्बिटल यांसारखे भुलीचेच औषध, पण फार मोठ्या मात्रेत. ते प्रथम मेंदूतील जाणिवेचा व्यापार थांबवते, मग श्वसन, आणि शेवटी हृदय. जाणीव काही क्षणांतच लोपते. त्यानंतरचा आचका हा मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्राचा प्रतिक्षेप असतो, पायाचा झटका स्नायूंचा असतो, आणि मूत्राशयाचे स्नायू सैल पडले की लघवी होते. पापणी मिटण्यासही स्नायूंचे बळ लागते, म्हणून डोळे उघडे राहतात. कधी भूल चढताना जनावर कण्हते वा पाय मारते, पण तेही भान हरपल्यावरचे असते. यातले काहीही मोत्याने भोगले नाही.

त्याने जे भोगले ते आधीचे, आणि तिकडे कोणाचेच लक्ष नव्हते. त्या थंडगार पत्र्याच्या मेजावर ठेवताच त्याने शेपूट पोटाखाली घेतली, कान मागे पाडले, तो पुनःपुन्हा ओठ चाटू लागला आणि धापा टाकीत दाराकडे पाहू लागला. जाणिवेतून उमटलेली प्रतिक्रिया म्हणतात ती हीच. त्या वेळी त्याला खाली सतरंजीवर, मावशींच्या मांडीवर घेऊ द्या, हे मला भांडून सांगावे लागले. कित्येक ठिकाणी तर मालकाला बाहेर बसण्याचा हुकूम होतो, आणि अनोळखी हात व अनोळखी वास यांच्यातच ते जनावर आपल्या माणसाला शोधीत राहते. हे मला निखालस अन्यायाचे वाटते.

या संदर्भात मला १९२८ साली साबरमती आश्रमात घडलेला प्रसंग आठवतो. असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींनी डॉक्टर बोलावून विषारी इंजेक्शन देवविले. त्यावरून केवढा गहजब उसळला, किती संतप्त पत्रे आली, आणि गांधीजींनी ‘नवजीवन’मधून त्यांना कशी उत्तरे दिली, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. हिंसा-अहिंसेची ती चर्चा मोलाची होतीच, परंतु मला त्याहून मोलाची वाटते ती निराळी बाब: निर्णय घेणारा मनुष्य स्वतः तेथे हजर होता आणि दोन मिनिटांच्या आत सारे आटोपले हे त्याने स्वतः पाहून नमूद केले. निर्णयाची जबाबदारी घ्यायची आणि तिचा शेवट मात्र भिंतीपलीकडे होऊ द्यायचा, हे त्यांनी केले नाही. आपल्याकडे १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात यातनाग्रस्त जनावराचा अंत करण्याची तरतूद आहे. पण त्याच्या माणसाला आधी काय सांगावे याविषयी त्यात अवाक्षर नाही. ते डॉक्टरांच्या माणुसकीवरच सोपवलेले आहे.

मावशींना मी रोज सांगतो की मोत्याला शेवटी जाणवला तो तुमचा हात; त्या ऐकून घेतात, पण डोळ्यांनी पाहिलेले एवढ्याने पुसले जात नाही. तेच आधी कळले असते तर त्यांनी तो आचका दुःखाने पाहिला असता, अपराधी भावनेने नव्हे. म्हणून प्रत्येक पशुवैद्याला माझी हात जोडून विनंती आहे की डोळे उघडे राहतील, श्वासाचा आचका येईल, अंग हलेल, लघवी होईल आणि यातले काहीही त्याला कळणार नाही, एवढे सुई हाती घेण्यापूर्वी सांगावे. आणि त्यांनी सांगितले नाही तर मालकाने ते विचारल्यावाचून संमतीच्या कागदावर सही करू नये.